भरती-ओहोटीचे गणित : पितळी चाकांपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी आहे, पश्चिमेला अरबी समुद्र. उत्तनचे कोळी आणि भाईंदरचे मिठागरवाले, दोघांनाही पाण्याची वेळ नेमकी ठाऊक असावी लागे. त्यासाठी मुंबई परिसरात एक हिशेब परंपरेने चालत आला आहे : तिथीचा आकडा पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास.

या हिशेबातून वेळ कळते, पण पाणी किती चढेल ते कळत नाही. जहाज बंदरात आणायचे तर तेही हवे. मुंबईच्या अपोलो बंदरावरील पाण्याच्या उंचीच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. काळाबरोबर बदलणारी अशी कोणतीही मोजता येणारी राशी म्हणजे 'संकेत', अर्थात सिग्नल. तो वाचायचा कसा?

याचे उत्तर फ्रेंच गणिती फूरिए यांच्या १८२२ सालच्या उष्णतेवरील ग्रंथात होते : गुंतागुंतीचा वक्र साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी ही कल्पना भरतीला लावली. चंद्रामुळे येणारी मुख्य लहर १२.४२ तासांची, सूर्यामुळे येणारी १२ तासांची, शिवाय इतर अनेक लहान लहरी. १८७२-७३ मध्ये त्यांनी या लहरींची बेरीज करणारे यंत्र करवून घेतले. त्यात प्रत्येक लहरीसाठी एक फिरती कप्पी होती. सर्व कप्प्यांवरून एकच तार जाई आणि तिच्या टोकाची लेखणी भरतीचा वक्र काढी. हिंदुस्थानातील बंदरांसाठी १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यानुसार असे स्वतंत्र यंत्र बनले. हँडल फिरवले की वर्षाचे अंदाज काही तासांत कागदावर उतरत.

आज हेच काम वर्गातला संगणक करतो. साल्झबर्ग विद्यापीठात २००१ मध्ये सुरू झालेली 'जिओजेब्रा' ही विनामूल्य प्रणाली शाळेला पुरेशी आहे. तिच्यात दोन लहरी काढा : एक १२.४२ तासांची, उंची १.२ मीटर, दुसरी १२ तासांची, उंची ०.५ मीटर. मुंबईच्या दोन मुख्य लहरींचे आकडे साधारण एवढेच आहेत. आता दोन्हींची बेरीज काढा. सुमारे पंधरा दिवसांनी वक्र फुगतो आणि मध्ये आकसतो. हेच उधाण आणि भांग! आता सरकपट्टीने सूर्याच्या लहरीची उंची शून्यावर आणा. उधाण-भांगाचा फरक नाहीसा होतो. पट्टी हलवण्यापूर्वी 'काय होईल?' हे मुलांना वहीत लिहायला सांगावे. नाहीतर पडद्यावरची गंमत पाहण्यापलीकडे काही होत नाही.

पुढचा प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे. समजा, कोणी रोज फक्त दुपारी बारा वाजताच पाण्याची उंची मोजली. पौर्णिमेला त्याला भरती दिसेल, अष्टमीला ओहोटी, अमावास्येला पुन्हा भरती. त्याच्या आलेखावर १४.७७ दिवसांची संथ लहर उमटेल आणि तो म्हणेल, 'समुद्र आठवडाभर चढतो व आठवडाभर उतरतो.' त्याचे प्रत्येक मोजमाप खरे आहे, निष्कर्ष मात्र साफ खोटा! संगणकावर २४ तासांच्या अंतराने ठिपके घ्या, मग तासातासाने घ्या. चूक डोळ्यांसमोर उघडी पडते.

यामागचा नियम नायक्विस्ट (१९२८) आणि शॅनन (१९४९) यांच्या कामातून स्पष्ट झाला : संकेतातील सर्वांत जलद लहरीच्या प्रत्येक आवर्तनात दोनांहून अधिक नोंदी हव्यात. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, म्हणूनच सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. हृदयाचा आलेख असो वा हवामानाची नोंद, नियम तोच.

सूत्र पाठ करून हा धडा मनात ठसत नाही. वर्तमानपत्रातील भरतीच्या वेळा महिनाभर टिपून घ्या, पाऊणपटीच्या हिशेबाशी आणि पडद्यावरच्या वक्राशी ताडून पाहा. तिन्हींत जेथे फरक पडतो, तेथे कोणती लहर आपण विसरलो, हा पुढच्या तासाचा प्रश्न.