शेळी आणि उजाड माळ

अवर्षणाच्या पट्ट्यातल्या बोडक्या डोंगराचा विषय निघाला की दोष शेळीच्या माथी जातो. ती कोवळा शेंडा खुडते, रोप तग धरू देत नाही, जिथं शेळ्या वाढल्या तिथं माळ उजाड झाला, अशी ही मांडणी. शेळी रोप खाते हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. वाद आहे तो आधी काय झालं आणि मागून काय, याचा. महाराष्ट्राच्या कोरड्या भागाचा इतिहास नीट पाहिला तर बहुतेक वेळा जमीन आणि पाणी आधी गेलं, आणि मग माणसानं शेळीचा आधार घेतला. घरच्या एक-दोन शेळ्या हा दुष्काळातला उपाय होता. त्यालाच दुष्काळाचं कारण ठरवल्यानं गेली दीडशे वर्षं ज्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं अशांवर अन्याय होत आला आहे.

सर्वांत जुना पुरावा घोड नदीच्या काठचा आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या उत्खननात इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली वस्ती उजेडात आली. मधल्या भरभराटीच्या काळात तिथं ऐसपैस चौकोनी घरं होती आणि पाणी अडवून वळवण्याची सोय होती. इसवी सनपूर्व १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते आणि शेळ्या-मेंढ्यांवरची भिस्त वाढते. पाऊसमान कमी झाल्यामुळे लोक शेतीकडून पशुपालनाकडे वळले, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी लावला. तिथं ना वनखातं होतं, ना मटणाची मोठी बाजारपेठ. पाणी हटलं तेव्हा लोकांनी जे जगवता येईल ते जगवलं.

मग शेळीच का? उत्तर तिच्या पोटात आहे. गाई-म्हशीला वैरण लागते, आणि वैरण म्हणजे स्वतःची जमीन किंवा रोख पैसा. शेळी मागच्या पायांवर उभी राहून बाभळीच्या शेंगा ओढते, बोरीचा काटेरी पाला ओठांनी अलगद खुडते, बांधावरच्या झुडपांवर दिवस काढते. धाराशिव-लातूरकडची काळी उस्मानाबादी पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी देते, आणि नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं पदरात पडतात. दूध अर्धा-एक लिटर, म्हणजे लेकरापुरतं आणि चहापुरतं. बोकड घरी क्वचितच कापला जातो. जत्रा, कंदुरी किंवा आखाडातला एखादा दिवस सोडला तर तो आठवडी बाजाराची वाट धरतो, आणि त्या पैशातून दवाखाना, बियाणं, मुलांची वह्या-पुस्तकं निघतात. ज्या बाईकडे शेळी घ्यायलाही पैसे नाहीत, ती दुसऱ्याची पाट अर्धेलीनं सांभाळते. मूळ जनावर मालकाचं राहतं, होणारी करडं निम्मी-निम्मी वाटली जातात, आणि दोन-चार वेतांत तिच्या दारातल्या खुंटीला स्वतःची शेळी बांधली जाते. बँकेचं नाव गावात पोचण्याआधीपासून चालत आलेला हा व्यवहार आहे. भूमिहीन घराला भांडवल उभं करण्याची इतकी साधी वाट दुसरी क्वचितच सापडेल. उरल्या लेंड्या. सकाळी खुंटीभोवतीच्या लेंड्या आणि मुतानं भिजलेली माती झाडून उकिरड्यात टाकली की पावसाळ्याआधी ते खत परसातल्या दोडक्या-भोपळ्याच्या आळ्यात जातं. लेंडीखतात शेणखतापेक्षा नत्र बरंच जास्त असतं. बांधावरचा जो पाला माणसाच्या कुठल्याच कामाचा नव्हता, त्याचं अशा रीतीनं दूध, पैसा आणि भाजी होते.

हे सगळं चालायचं ते गायरान आणि डोंगर खुले होते म्हणून. १८७८ च्या वन कायद्यानं ते चित्र पालटलं. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याची तक्रार नेमक्या जागी बोट ठेवून केली आहे. पूर्वी थोडक्या जमिनीचा शेतकरी रानातली फळं खाऊन, पाला, फुलं आणि लाकूडफाटा विकून, गायरानाच्या आधारानं एक-दोन गाई आणि दोन-चार शेळ्या पाळून गावातच गुजराण करी. सरकारी जंगलखात्यानं डोंगर, दरे आणि गायरानंही आपल्या हद्दीत घातली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना जागाच उरली नाही. फुले शेळीला माळाची शत्रू मानत नाहीत. माळ हिरावला गेल्यानं घर कसं मोडतं, हे ते शेळीवरून दाखवतात. उरलेल्या तुकड्यावर तेवढीच जनावरं दाटली की तो तुकडा झिजणारच, आणि मग त्या झिजलेल्या तुकड्याकडे बोट दाखवून शेळीवर आरोप ठेवता येतो.

स्वातंत्र्यानंतरही तेच झालं. एन. एस. जोधा यांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या कोरडवाहू गावांचा अभ्यास केला. तीसेक वर्षांत सामाईक जमिनी साधारण एक तृतीयांश ते निम्म्याच्या आसपास घटल्याचं त्यांना आढळलं, आणि त्यामागचं मोठं कारण जनावरं नव्हती. त्या जमिनी खासगी मालकीत गेल्या होत्या. याच काळात शेळ्या मात्र वाढत गेल्या. १९५१ मध्ये देशात त्या पावणेपाच कोटींच्या आसपास होत्या, २०१९ च्या पशुगणनेत जवळपास पंधरा कोटी, त्यातल्या एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात. गाई-बैल याच काळात साडेपंधरा कोटींवरून एकोणीस कोटींच्या थोडे पुढे गेले. मटणाची मागणी वाढली हे यामागचं एक कारण आहेच. पण गाय पोसेल असं कुरण ज्याच्यापाशी उरलं नाही, तो शेळीकडे वळणार हेही या आकड्यांत दिसतं. केंद्रानं नेमलेल्या सी. एच. हनुमंत राव यांच्या कृती दलानंही १९८७ मध्ये, पर्यावरणाच्या ऱ्हासाला शेळीच मुख्यतः जबाबदार आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, असाच निष्कर्ष काढला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप हिवरे बाजारचा. तिथं गावानं चराईबंदी केली, डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी आलं. मोकाट चराई थांबल्याचा त्यात वाटा आहे, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण तिथं बंदी एकटी आली नाही. समतल चर, बांधबंदिस्ती, वृक्षतोडीला आळा आणि पाणी पिणाऱ्या पिकांवर निर्बंध हे सारं तिच्याबरोबर होतं, आणि निर्णय गावाचा होता. पाणलोटाचं काम न करता नुसती चराई बंद करणाऱ्या गावाला तो दाखला देता येत नाही. शिवाय राखलेल्या डोंगरावरून कापून आणलेलं गवत म्हशीच्या गोठ्यात उपयोगी पडतं, शेळीला हवा असतो पाला. बांधावर शेवरी, सुबाभूळ किंवा तुती लावून शेळी बांधून पाळता येते, दूध-करडं मिळतात आणि लेंडीखत तर सगळंच्या सगळं घरी राहतं. मात्र त्यासाठी बांध हवा, म्हणजे जमीन हवी. म्हणून जिथं जिथं चराईबंदीचा ठराव होतो, तिथं भूमिहीन घरांना राखीव डोंगरावरचा पाला छाटून नेण्याचा हक्क त्याच ठरावात लिहून द्यायला हवा. तो नसेल तर डोंगर हिरवा करण्याची किंमत ज्यांनी तो उजाड केला नव्हता त्यांच्या खुंटीवरून वसूल होते.