पेबल: लोकांच्या पैशातून उभं राहिलेलं स्मार्टवॉच

ॲपल वॉच २०१५ मध्ये आलं. त्याच्या तीन वर्षं आधीच एरिक मिगिकोव्स्की हा कॅनेडियन तरुण स्मार्टवॉच बनवत होता. गुंतवणूकदारांकडून पुरेसे पैसे मिळेनात, म्हणून एप्रिल २०१२ मध्ये त्याने 'किकस्टार्टर'वर थेट ग्राहकांकडेच आगाऊ पैसे मागितले. हवे होते १ लाख डॉलर, महिनाभरात जमले १ कोटीहून जास्त! जवळपास ६९ हजार लोकांनी, न बनलेल्या घड्याळासाठी.

पेबलचा पडदा उन्हातही स्पष्ट दिसायचा आणि चार्जिंग आठवडाभर पुरायचं. 'ई-पेपर' म्हणून गाजलेला हा पडदा खरं तर कमी वीज खाणारा एलसीडीच होता.

पण डिसेंबर २०१६ मध्ये पैसा संपला आणि कंपनी बंद झाली. फिटबिटने सॉफ्टवेअर घेतलं, घड्याळं नाही. त्यामुळे ग्राहकांची वॉरंटी गेली, नव्या मॉडेलचं बुकिंग केलेल्यांना पैसे परत मिळाले. २०१८ मध्ये सर्व्हरही बंद झाले. तेव्हा 'रिबल' या चाहत्यांच्या गटाने स्वतःचे सर्व्हर उभारून जुनी घड्याळं चालू ठेवली.

पुढे फिटबिट गुगलकडे गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पेबलचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. मिगिकोव्स्की आता पुन्हा घड्याळं बनवतोय, यावेळी गुंतवणूकदारांशिवाय.