संदर्भांच्या मोजपट्टीवर कोसंबी

एखाद्या शास्त्रज्ञाचे संशोधन किती मोलाचे, हे ठरवायचे कसे? त्याच्या शोधनिबंधांचा संदर्भ इतर संशोधकांनी किती वेळा दिला हे मोजायचे, अशी एक पट्टी यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचवली. १९६४ पासून विज्ञान-नियतकालिकांतील संदर्भांची सूची नियमित निघू लागली. आज नेमणुका आणि बढत्यांमध्येही अशा आकड्यांचा विचार होतो. ही पट्टी आपण दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांना लावून पाहू.

गोव्यात जन्मलेले कोसंबी मूळचे गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना, १९४४ मध्ये, त्यांनी आनुवंशिकीवर जेमतेम चार पानांचा निबंध लिहिला. प्रजननपेशी तयार होताना जोडीतील गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक. म्हणून ताटातुटीच्या प्रमाणावरून अंतर काढता येते. मात्र दोघांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा एकत्र येतात आणि मोजणी चुकते. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एका अदलाबदलीजवळ दुसरी होण्याची शक्यता सहसा घटते. कोसंबींनी हे हिशेबात धरले. ताटातूट २० टक्के असेल, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ एकके येते. कोसंबींच्या सूत्राने २१.२.

१९८० च्या दशकापासून जनुकनकाशे संगणकावर तयार होऊ लागले आणि हे सूत्र आज्ञावलींत जाऊन बसले. पिकांवरील कितीतरी निबंधांत 'कोसंबी फलन' हे शब्द भेटतात. पण मूळ निबंध संदर्भयादीत असतोच असे नाही. नाव रूढ झाले की संदर्भ गळतो!

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. १९४३ मध्ये, महायुद्धाच्या काळात, कोसंबींनी एका भारतीय गणित-नियतकालिकात संख्याशास्त्रावर निबंध छापला. गुंतागुंतीचे बदल थोड्या मूलभूत आकारांच्या बेरजेने कसे मांडावेत, हा त्याचा विषय. पुढील काही वर्षांत कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. प्रतिमाप्रक्रियेपासून प्रवाहांच्या अभ्यासापर्यंत तिचा उपयोग होतो, पण प्रामुख्याने त्या दोघांच्या नावाने.

तिसरे उदाहरण नाण्यांचे. हाताळणीने नाणे झिजते. म्हणून वापर वाढतो तसे नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांमधील तफावत वाढते. हे ओळखून कोसंबींनी चांदीची हजारो आहत नाणी तराजूत तोलली आणि संख्याशास्त्र इतिहासाच्या कामी लावले. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ मध्ये आला. त्याची दखल इतिहासग्रंथांच्या तळटीपांत आहे. विज्ञान-नियतकालिकांवर आधारलेल्या सूचीला त्या कशा दिसणार?

माणूस एकच, पण एका कामाला नाव मिळाले, दुसऱ्याचे श्रेय इतरांच्या नावे रूढ झाले, तिसरे पट्टीच्या बाहेरच राहिले. संदर्भांचा आकडा निरुपयोगी नव्हे. एखादे काम कोणत्या वाटेने किती दूर पोहोचले, हे तो सांगतो. ते किती खोल आहे, हे जाणण्यासाठी मात्र निबंध उघडून वाचावाच लागतो. विद्यार्थ्यांना गुण देणाऱ्या आपणा शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.