गरोदर मातांचा रक्तक्षय आणि परळची प्रयोगशाळा

गरोदर बाई पांढरीफटक पडली, चार पायऱ्या चढताच तिला धाप लागली, की ‘हिच्या अंगात रक्तच नाही’ असे घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणत. रोगाची पारख अचूक होती. परंतु रक्त का नाही, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. त्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतच, परळला सापडला, हे आपल्यापैकी फार थोड्या भगिनींना ठाऊक असेल.

बाळंतपणात माता का दगावतात, याची चौकशी त्या काळी सुरू झाली होती. त्या कामी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स इंग्लंडहून मुंबईस आल्या. प्लेगच्या संशोधनासाठी निघालेली परळची हाफकिन इन्स्टिट्यूट हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांत एक विशेष रक्तक्षय त्यांना आढळला. त्यात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, पण आकाराने मोठ्या होत. पुष्कळ जणींच्या जिवावर बेते.

डॉ. विल्स केवळ सूक्ष्मदर्शकापाशी बसून राहिल्या नाहीत. या स्त्रिया काय खातात, कशा राहतात, याची त्यांनी डॉ. तळपदे यांच्यासह पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. भाजीपाला, फळे, दूध ज्यांच्या पानात क्वचितच पडे, त्यांनाच हा रोग अधिक गाठी. तेव्हा दोष दैवात नव्हता, पानात होता! पुढे उंदीर व माकडे यांवर तसाच निकस आहार देऊन प्रयोग झाले. अखेर गुण आला तो मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने. रोगी स्त्रियांना तो देताच थोड्याच दिवसांत नवे रक्त बनू लागले. १९३१ साली हा शोध जगापुढे आला. यकृताचा शुद्ध केलेला अर्क या रोगावर चालत नाही, असेही पुढे दिसले; म्हणजे गुणकारी द्रव्य काही निराळेच होते.

ते द्रव्य १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. पानाला लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याचे नाव फोलिक आम्ल. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते आपले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतल्यास बाळाच्या मेंदूतील व कण्यातील जन्मजात दोष पुष्कळसे टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले.

आज सरकारी दवाखान्यात गरोदर भगिनीस जी गोळी मिळते, तीत लोहाबरोबर हेच फोलिक आम्ल असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. बहुतेकींच्या अंगी लोहाची उणीव असते. कित्येकींना इतर जीवनसत्त्वेही कमी पडतात. याचे एक कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले खाणारी गृहिणी अजून घरोघर दिसते. पालेभाजी, चवळी, हरभरा, शेंगदाणे या काही श्रीमंतांच्या वस्तू नव्हेत. भाजी फार शिजवू नये, तिचे पाणी फेकू नये. आणि मुख्य म्हणजे सुनेचे व लेकीचे पान सर्वांबरोबरच वाढावे. परळच्या त्या संशोधनाचे ऋण फेडण्याचा हाच खरा मार्ग आहे.