टिंबक्टूतील बंदुकांची होळी

टिंबक्टू म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाचे, कदाचित अस्तित्वातच नसलेले गाव, अशी अनेकांची समजूत असते. आमच्या वर्गातील मुलांचीही होती. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, नायजर नदीच्या वळणाजवळ नकाशावर बोट ठेवून आम्ही ते दाखवले. माली देशातील या गावात २७ मार्च १९९६ रोजी सुमारे ३,००० बंदुका जाहीरपणे जाळण्यात आल्या, हेही सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, इतका गरीब मुल्क! त्या बंदुका विकल्या असत्या तर शाळा, दवाखाने बांधता आले नसते का?"

तास संपला, पण आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

टिंबक्टूची खरी ओळख बंदूक नव्हे, किताब आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात येथील सांकोरे मशिदीभोवती इल्मची मोठी परंपरा उभी राहिली. फिकह, व्याकरण, गणित, खगोलशास्त्र अशा विषयांवरील हस्तलिखिते घराघरांतून जपली जात. व्यापाराच्या मालात पुस्तकांनाही मोठे मोल होते. मग १५९१ साली मोरोक्कोच्या सुलतानाचे सैन्य वाळवंट ओलांडून आले. तोंदिबीच्या लढाईत सोंघाई साम्राज्याच्या कितीतरी मोठ्या फौजेचा या थोड्या सैन्याने पराभव केला. कारण एकच. एका बाजूला भाले-तलवारी, तर दुसऱ्या बाजूला बंदुका. दोन्ही बाजूंना कलमा पढणारेच होते, ही गोष्ट आपण विसरू नये.

दोनच वर्षांनी टिंबक्टूतील आलिमांना कैद करून मराकेशला नेण्यात आले. त्यांत अहमद बाबा हे थोर विद्वान होते. त्यांच्या १,६०० ग्रंथांचा संग्रह या धामधुमीत गेला, आणि घराण्यातील इतरांच्या मानाने आपला संग्रह सर्वांत लहान होता, असे ते सांगत. बंदूक गावात आली आणि किताब गावाबाहेर गेली!

आता १९९० कडे येऊ. स्वतंत्र मालीच्या उत्तर भागातील तुआरेग लोकांची तक्रार जुनी होती. दुष्काळाने त्यांचे कळप मेले, राजधानी बामाको दूर, सत्तेत वाटा नाही. जून १९९० मध्ये सशस्त्र बंड सुरू झाले. १९९१ मध्ये लष्करी हुकूमशाही कोसळली आणि एप्रिल १९९२ मध्ये सरकार व बंडखोर यांच्यात राष्ट्रीय करार झाला. पण कागदावरच्या सह्यांनी गोळ्या थांबल्या नाहीत. १९९४ मध्ये नदीकाठच्या सोंघाई लोकांनी 'गांदा कोय' नावाची स्वतःची सशस्त्र संघटना उभारली, आणि काल एकाच बाजारात मीठ-धान्याची देवघेव करणारे शेजारी एकमेकांवर बंदुका रोखू लागले.

हे थांबवले ते गावोगावच्या बैठकांनी. टोळीप्रमुख, इमाम, बायका, पशुपालक आणि शेतकरी एकत्र बसले. मग लढवय्ये ठरवलेल्या छावण्यांत आले, त्यांनी शस्त्रे जमा केली आणि त्यांतील काहींना लष्करात व सरकारी सेवेत सामावून घेतले गेले. जमा झालेल्या बंदुकांची टिंबक्टूत रास रचण्यात आली. राष्ट्राध्यक्ष अल्फा उमर कोनारे यांनी होळी पेटवली. ते स्वतः इतिहास आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक होते, हे विशेष. घानाचे राष्ट्राध्यक्ष जेरी रॉलिंग्स साक्षीला होते. सशस्त्र संघटनांनी आपले विसर्जन जाहीर केले. जळालेली शस्त्रे काँक्रीटमध्ये बसवून तेथे 'शांतीची ज्योत' हे स्मारक उभारले गेले.

आता विक्रीचा प्रश्न. सरकारने हाती आलेली शस्त्रे विकली तर काय होते, हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण तेथील काही राज्यांत तसा कायदाच आहे. केंटकी राज्यात १९९८ च्या कायद्यानुसार जप्त बंदुकांचा लिलाव होतो. परवानाधारक दुकानदार त्या घेतात आणि त्या पैशांतून पोलिसांसाठी गोळीपासून बचाव करणारी जाकिटे घेतली जातात. बंदूक विकून बंदुकीपासून बचावाचे जाकीट! एप्रिल २०२३ मध्ये त्याच राज्यातील लुइव्हिल शहरात एका बँकेत ५ माणसे मारली गेली, तेव्हा या हत्येतील रायफलही कायद्याप्रमाणे लिलावात जाऊ शकते, हे सांगण्याची पाळी तेथील महापौरांवर आली.

टेनेसी राज्यातील मेंफिसचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१० मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात आणि पेंटागॉनच्या प्रवेशद्वाराशी गोळीबार झाला. दोन्ही ठिकाणच्या हल्लेखोरांकडील एकेक बंदूक पूर्वी मेंफिसच्या पोलीस व न्यायव्यवस्थेच्या ताब्यात होती आणि तेथूनच ती पुन्हा बाजारात गेली होती, असे तपासात निघाले.

लिलावाच्या बाजूचे लोक म्हणतात की बंदूक ही मालमत्ता आहे, ती नष्ट करणे म्हणजे जनतेचा पैसा वाया घालवणे, आणि ज्याला हवी तो दुकानातून नवी घेईलच. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण जे हत्यार एकदा गुन्हेगाराच्या हातून काढून घेतले, त्याच हत्याराचे दुकान सरकारने मांडावे काय? आपल्या फुकहांनी हा प्रश्न फार पूर्वी विचारात घेतला होता. इमाम बुखारींनी फितन्याच्या काळातील शस्त्रविक्रीवर स्वतंत्र बाब लिहिला आहे आणि हजरत इम्रान बिन हुसैन यांना अशी विक्री नापसंत होती, हे त्यात नोंदवले आहे. विकणाऱ्याची जबाबदारी पैसे हातात पडल्यावर संपत नाही, हाच त्यामागचा विचार असावा, असे आम्हाला वाटते.

कोणी म्हणेल, होळी करूनही टिंबक्टूला शांती कुठे मिळाली? खरे आहे. २०११ मध्ये लिबियात गद्दाफींची सत्ता कोसळली, तेथील शस्त्रागारे उघडी पडली आणि तेथील सैन्यात असलेले तुआरेग सैनिक शस्त्रांसह मालीत परतले. एप्रिल २०१२ मध्ये टिंबक्टू बंडखोरांच्या हाती गेले. औलियांच्या मजारी फोडण्यात आल्या. जानेवारी २०१३ मध्ये पळून जाताना हल्लेखोरांनी अहमद बाबांच्याच नावाच्या संस्थेतील हजारो हस्तलिखिते जाळली. बहुसंख्य हस्तलिखिते वाचली, कारण ग्रंथपालांनी आणि जुन्या घराण्यांनी ती लोखंडी पेट्यांत भरून, जिवावर उदार होऊन आधीच बामाकोला पोहोचवली होती.

पण यातून होळी फुकट गेली असे ठरत नाही. १९९६ मध्ये जळालेली एकही बंदूक २०१२ मध्ये टिंबक्टूवर चालून आली नाही. जी आली, ती दुसऱ्या देशात कोणी नष्ट न केलेली, राखणीशिवाय पडलेली होती. म्हणजे टिंबक्टूने काय करायला हवे होते, हा प्रश्नच नाही. इतरांनी टिंबक्टूसारखे का केले नाही, हा प्रश्न आहे.

त्या मुलाला आता आम्ही सांगू : बेटा, तुझा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. बंदुका विकून शाळा बांधता आली असती. पण ती बंदूक फिरून कोणत्या शाळेच्या दारात उभी राहील, याचा हिशेब तू मांडला नव्हतास. टिंबक्टूच्या लोकांनी तो मांडला, कारण ४०० वर्षांपूर्वी बंदुकीमुळे किताब गमावण्याचा अनुभव त्यांच्या पदरी होता.