सतरावी पायरी

२८ जानेवारी १३०८, रविवार. तुम्ही दिल्लीजवळच्या गियासपुरात आहात. हुमायूनचा मकबरा इथे उभा राहायला अजून अडीच शतकं आहेत. आत्ता दिसते ती यमुनाकाठची वस्ती आणि शेख निजामुद्दीन औलियांची खानकाह, म्हणजे सुफी मठ. सीरीच्या किल्ल्यात सुलतान अलाउद्दीन खिलजी बसलाय. शेख त्याच्या दरबारात जात नाहीत आणि त्यालाही इथे येऊ देत नाहीत.

इथे येणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात जे असतं, तेच तुमच्याही मनात आहे : काहीतरी अघटित दिसावं. चपला काढून तुम्ही दाटीवाटीत जागा करून घेता. शेजारी अमीर हसन सिज्जी बसलाय. नोकरी फौजेत, नाव फारसी गझलेत. आजपासून तो शेखांचं बोलणं टिपून ठेवणार आहे. पुढची चौदा वर्षं हे चालेल आणि त्यातून ‘फवाइद-उल-फुआद’ तयार होईल. त्याची वही एकदा शेखांच्या हाती जाते, तेव्हा तिच्यात मधेमधे कोऱ्या जागा असतात. जे नीट कळलं नाही, ते हसनने मनाने रचून घातलेलं नाही. शेख विचारतात आणि त्या जागा स्वतः सांगून भरून देतात. या ग्रंथावर माझा विश्वास बसतो तो त्या कोऱ्या जागांमुळे.

आता महिने ओलांडत पुढे चला. बैठका बदलतात, पण चमत्काराचा विषय पुन्हा पुन्हा निघतो. शेख त्याचे चार प्रकार सांगतात. नबीच्या, म्हणजे प्रेषिताच्या हातून घडतो तो मोजिजा. वलीच्या, म्हणजे संताच्या हातून घडते ती करामत. ज्याच्याजवळ ना विद्या ना साधना, अशा एखाद्या वेड्यापिशाकडून कधी काही घडून जातं, ती मऊनत. आणि श्रद्धाच नसलेल्या माणसाने जादूगारासारखं करून दाखवलं, तर तो इस्तिदराज. म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसलेल्या नवलाने काहीच ठरत नाही. करणारा कोण, हे पाहावं लागतं. नबीने मोजिजा उघड दाखवायचा असतो, ते त्याचं कर्तव्य. वलीचं कर्तव्य नेमकं उलट : करामत झाकून ठेवणं. दाखवली, तर तो कर्तव्याला चुकला.

मग शेख गोष्ट सांगू लागतात आणि तुम्ही पुढे सरकून बसता. सुफी शेख सादुद्दीन हमूयांच्या शहरचा हाकीम, म्हणजे शासक, त्यांना फारसं मानत नसे. एकदा तो खानकाहीवरून जाताना निरोप धाडतो : त्या फकिराला बाहेर बोलवा. सादुद्दीन नमाजात असतात, लक्ष देत नाहीत. अखेर हाकीम स्वतःच आत येतो. सादुद्दीन त्याचं आदराने स्वागत करतात, सफरचंदं मागवतात, कापून दोघंही खाऊ लागतात. ताटात एक मोठं सफरचंद उरलेलं असतं. हाकिमाच्या मनात येतं, याला खरंच काही कळत असेल तर ते मला देईल. सादुद्दीन ते उचलतात आणि आपल्या प्रवासातली हकिकत सांगतात. एका मदाऱ्याने गाढवाचे डोळे बांधले होते. अंगठी गर्दीतल्या कुणाकडे तरी दिली, आणि गाढव एकेकाला हुंगत बरोबर अंगठीवाल्यापुढे जाऊन थांबलं. करामत दाखवली तर मी त्या गाढवाच्या पंक्तीला बसतो, नाही दाखवली तर तुम्ही म्हणाल याच्यात काही नाही, असं सांगत ते सफरचंद हाकिमाकडे फेकतात.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. सुफी अबुल हसन नूरी दजला, म्हणजे टायग्रिस नदीच्या काठी कोळ्याला जाळं टाकायला सांगतात : मी वली असेन तर नेमका अडीच मण वजनाचा मासा येईल. तसा मासा येतो. बगदादच्या जुनैदांना हे कळतं. ते म्हणतात, माशाऐवजी काळा साप निघून नूरीला डसला असता तर बरं झालं असतं. शहीद म्हणून गेला असता. आता जगलाय, शेवट कसा होईल कोण जाणे.

याचा अर्थ शेखांना चमत्कार खोटे वाटतात, असं नाही. उच शहरी हवेत उचलल्या गेलेल्या योग्यापुढे शेख सफीउद्दीन गाजरूनी वेगवेगळ्या दिशांना उडाले, ही गोष्टही ते सांगतात. तिच्यात गाजरूनी आधी देवाकडे मागणं मागतात, हे ध्यानात ठेवा. चमत्कारावर शेखांचा पूर्ण विश्वास आहे. भीती वाटते ती करणाऱ्याची. सुफी वाटेच्या शंभर पायऱ्या, त्यांतली करामत सतरावी. तिथेच रमला, तर उरलेल्या त्र्याऐंशी चढणार कधी?

१३२७. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला, म्हणजे देवगिरीला नेलीय आणि तुम्ही त्याच वाटेवर आहात. हसन दक्खनेत येतो. शेखांचे मुरीद, म्हणजे शिष्य, बुरहानुद्दीन गरीबही इथेच येतात. दोघांच्या कबरी आज खुलताबादेत आहेत. बुरहानुद्दीनांच्या दर्ग्यात एकेकाळी फरशीतून चांदीची झाडं उगवली, अशी तिथली दंतकथा : शिष्यांकडे खर्चाला काही नव्हतं, म्हणून. भाविक ती मनापासून सांगतात आणि मला ती खोडून काढावीशी वाटत नाही. अडलेल्या माणसाने चमत्कार मागावा, याला शेखांनी कुठे बंदी घातली होती? त्यांचा धाक देणाऱ्याला होता.