बाहेरून बसणारे

विद्यापीठाचं शिक्षण तपासायचं कोणी? 1882 साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी तपासलं. पदवी नसलेला माणूस! हे शिक्षण कारकून अन् मास्तर घडवतं, रोजच्या जगण्यात कामी येत नाही; पैसा मात्र रयतेच्या घामाचा, असं त्यांनी लेखी दिलं. मुंबई विद्यापीठानं प्रवेशपरीक्षेला बाहेरून बसू दिलं, तीच सवलत वरच्या परीक्षांनाही मागितली. रात्रपाळी करून वाचणाऱ्याला या मागणीची किंमत लगेच कळते.

यवतमाळची कॉलेजं आधी नागपूर विद्यापीठात, 1983 पासून अमरावतीत. त्याला आता गाडगेबाबांचं नाव (तेही बिनपदवीचेच). जोतीरावांच्या मापानं एकच पेपर बघा. पर्यावरण, सगळ्या शाखांना सक्तीचा. 2017 साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी, मजूर मेले. त्यावर किती मार्कांचा प्रश्न येतो?